पंख्यातला पापुद्रा

छताचा पंखा बटण दाबूनही हलत नाही, काठीने ढकलला की मग कुरकुरत फिरू लागतो. वायरमन येतो आणि स्टुलावर चढण्याआधीच निदान करतो : ‘कंडेन्सर गेलाय.’ खिशातून अंगठ्याएवढी डबी निघते, दोन वायरी जोडल्या जातात, शंभराच्या आतबाहेरची रक्कम हातावर पडते आणि घराला पुन्हा वारा लागतो. जुनी डबी कचऱ्यात जाते. ती फोडून पाहण्याच्या फंदात कुणी पडत नाही. पडले तर आत चकचकीत प्लास्टिकची घट्ट गुंडाळी सापडेल. उलगडली तर पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरणारी आणि डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी पातळ. हे पॉलिप्रॉपिलीन, वेफर्सची पुडी ज्या प्लास्टिकची असते त्याच कुळातले. लांबीने आणि रुंदीने ताणून केलेल्या या पापुद्र्याला उद्योगात ‘बीओपीपी’ म्हणतात. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जस्ताचा इतका पातळ थर चढवलेला असतो, की तो मायक्रॉनमध्ये नव्हे, नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो.

पंख्यातली ही डबी, म्हणजे कपॅसिटर, गेली तर फार तर एक रात्र उकाड्यात जाते. पण हाच पापुद्रा विजेवर चालणाऱ्या मोटारीत असतो, सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरमध्ये असतो, रेल्वे इंजिनात असतो. पालघर जिल्ह्यातील कुडूसपासून मुंबईच्या आरेपर्यंत आखलेल्या १००० मेगावॉटच्या एकदिश वीजवाहिनीसारख्या योजनांत तर रूपांतरण केंद्राच्या इमारतीचा मोठा भाग कपॅसिटरच्या रांगांनीच व्यापलेला असतो. पेट्रोलकडून विजेकडे चाललेल्या जगाची चर्चा बॅटरीभोवती फिरते. लिथियम कुठून आणायचे, कोबाल्टचे काय करायचे, यावर अग्रलेख लिहिले जातात. या पापुद्र्याची मात्र फारशी दखल कुणी घेत नाही आणि घेतली तर ती ‘नवा विक्रम’ अशा मथळ्याच्या बातमीपुरती असते. त्या बातम्या कशा वाचायच्या, हा खरा प्रश्न आहे.

बॅटरी आणि कपॅसिटर यांची तुलना अनेकदा चुकीच्या बाजूने होते. साठवणुकीच्या बाबतीत कपॅसिटर अगदीच गरीब. मोटारीतील ५०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टवर साठते जेमतेम ४० जूल ऊर्जा. तिच्याच शेजारची ४० किलोवॉट-तासांची बॅटरी १४ कोटी ४० लाख जूल धरून असते. पण बॅटरी ही रांजणासारखी. पाणी भरपूर, तोटी बारीक. कपॅसिटर म्हणजे तांब्या, एका झटक्यात पालथा होणारा आणि लगेच पुन्हा भरणारा. हृदय ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरू लागते, तेव्हा रुग्णालयात जो विजेचा धक्का देतात त्यामागे हाच तांब्या असतो. ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५००० व्होल्टपर्यंत भारला की त्यात ४०० जूल जमा होतात. ते भरायला डिफिब्रिलेटरच्या बॅटरीला काही सेकंद लागतात, पण छातीवर ते रिते होतात सेकंदाच्या काही सहस्रांश भागात. बॅटरी थेट जोडली तर हे साधत नाही. बर्नार्ड लाऊन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एकदिश विजेचा डिफिब्रिलेटर रूढ केला, तो कपॅसिटरच्याच भरवशावर. छातीत बसवल्या जाणाऱ्या चिमुकल्या यंत्रात मात्र पॉलिमरचा पापुद्रा अजून शिरू शकलेला नाही. तिथे अ‍ॅल्युमिनियम किंवा टँटलमचे कपॅसिटर वापरतात, कारण तेवढ्या जागेत पुरेशी ऊर्जा मावेल असा पापुद्रा हाताशी नाही.

मावण्याचे गणित सोपे आहे. पदार्थ विजेला किती प्रतिसाद देतो तो त्याचा परावैद्युतांक, आणि फुटण्याआधी तो किती ताण सोसतो ते त्याचे विद्युतक्षेत्र. साठणारी ऊर्जा पहिल्याच्या प्रमाणात वाढते, दुसऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ताण सोसण्याची ताकद दुप्पट झाली तर साठा चौपट. पॉलिप्रॉपिलीनचा परावैद्युतांक फक्त २.२ आहे, अगदी सामान्य. पण एक मायक्रॉन जाडीला ते ६०० व्होल्टहूनही अधिक ताण सोसते आणि भरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा परत करते. त्यात आणखी एक गुण आहे. पापुद्र्यात कुठे कच्ची जागा असेल आणि तिथे ठिणगी पडली, तर त्या जागेभोवतीचा धातूचा थर क्षणात वाफ होऊन उडून जातो आणि कच्ची जागा आपोआप वेगळी पडते. बाकीचा कपॅसिटर काम करत राहतो. पंख्याची डबी वर्षे जाता जाता हळूहळू ‘अशक्त’ होते, एकदम फुटत नाही, त्याचे एक कारण हे. असंख्य ठिणग्यांनी तिचा धातू कणाकणाने खाल्लेला असतो.

अडचण आहे ती उष्णतेची. पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसच्या पुढे नेता येत नाही आणि ८५च्या पुढेच त्याच्यावरचा दाब कमी करावा लागतो. इकडे मोटारीच्या इन्व्हर्टरमधील सिलिकॉनची जागा सिलिकॉन कार्बाइड घेते आहे आणि ते १७५ अंशांनाही सुखाने काम करते. त्याच्या शेजारी बसणारा कपॅसिटर मात्र तापाने फणफणतो. म्हणून १४० अंशांच्या आसपासचा परिसर ७० अंशांपर्यंत थंड करण्यासाठी पाण्याच्या नळ्या, पंप आणि त्यांचे वजन गाडीवर लादावे लागते. इन्व्हर्टरमधील सुमारे एक तृतीयांश जागा आधीच कपॅसिटर अडवतो, त्यात ही शीतनव्यवस्था. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उभ्या असलेल्या गाडीला हा हिशेब आणखी महागात पडतो.

या कोंडीतून सुटण्याचे प्रयत्न तीन दशके चालू आहेत आणि त्यांचा इतिहास बोधक आहे. आधी सगळ्यांनी परावैद्युतांक वाढवण्याचा ध्यास घेतला. पीव्हीडीएफ नावाच्या फ्लोरिनयुक्त पॉलिमरचा परावैद्युतांक १०च्या वर जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात क्यूमिंग झांग यांच्या गटाने १९९८मध्ये त्याच्याच एका भावंडावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याची अंतर्गत रचना विस्कळीत केली, तेव्हा त्याचे विद्युत वर्तन पूर्ण बदलले. २००६मध्ये याच गटाने ‘सायन्स’मध्ये घन सेंटिमीटरला १७ जूलपर्यंत ऊर्जा धरणारे पॉलिमर दाखवले. व्यवहारातील बीओपीपी कपॅसिटर एक-दोन जुलांवर अडतो, हे पाहता आकडा डोळे दिपवणारा होता. पण पीव्हीडीएफच्या घराण्याला एक खोड आहे. भरलेल्या ऊर्जेतील काही भाग ते स्वतःकडेच ठेवते. धक्का देणाऱ्या यंत्रात हे एकदाच घडते, चालून जाते. मोटारीत मात्र भरणे-रिते होणे सेकंदाला हजारो वेळा होते. दर खेपेस पाच टक्के जरी आत राहिले, तरी त्याची उष्णता होते आणि पॉलिमर ही उष्णता बाहेर टाकण्यात फार आळशी. थोडक्यात, जास्त साठवणारा पापुद्रा स्वतःलाच भाजून घेतो.

मग मोर्चा वळला तो उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरकडे. चांद्रयानाभोवती गुंडाळलेला, लांबून सोनेरी कागद वाटणारा पडदा पॉलिइमाइडचा असतो. ३०० अंशांनाही तो डगमगत नाही. त्याचाच कपॅसिटर का करू नये? करून पाहिला गेला. उष्णतेने तो वितळला नाही, पण त्यातून वीज गळू लागली. ज्या बेंझिनसारख्या कड्यांमुळे या पॉलिमरला ताठपणा येतो, त्याच कड्यांमधील इलेक्ट्रॉन मोकळे आणि उठवळ. तापमान आणि ताण दोन्ही वाढले की ते उड्या मारत पलीकडे पोहोचतात. गळतीने उष्णता वाढते, उष्णतेने गळती. शिवाय अशा पॉलिमरमध्ये ठिणगी पडली की मागे काजळी राहते आणि काजळी वीजवाहक. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची ती जखम भरून काढण्याची खुबीही गेली. एका गुणासाठी दुसरा गमवायचा, हे या क्षेत्राचे मूळ दुखणे आहे.

त्यावरचे दोन-तीन उपाय खरोखर चतुर म्हणावे असे आहेत. २०१५मध्ये पेन स्टेटच्याच चिंग वांग यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये आडव्या बंधांनी विणलेल्या पॉलिमरमध्ये बोरॉन नायट्राइडच्या नॅनो-पत्र्या पेरून तो २५० अंशांपर्यंत चालवून दाखवला. पत्र्या इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात आणि उष्णताही वाहून नेतात. २०२०मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील ची ली यांच्या गटाने उष्णतारोधक पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉनांना धरून ठेवणारा रेणू एक टक्क्याहूनही कमी मिसळला आणि गळती रोखली. भाजीत चिमूटभर हिंग पडावा, तसा हा प्रकार. तिसरी वाट जॉर्जिया टेकचे रामपी रामप्रसाद आणि कनेक्टिकट विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांची. रामप्रसाद मूळचे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. त्यांचा प्रश्न असा होता : ताठपणा हवा, पण उठवळ इलेक्ट्रॉन नकोत, अशी कडी असते का? असते. नॉर्बोर्नीन कुळातल्या कड्या ताठ असतात, पण त्यांच्यातले इलेक्ट्रॉन जागेवर बांधलेले. कागदावर मांडता येतील असे हजारो पॉलिमर संगणकाला चाळायला देऊन, त्यातून मोजके निवडून, मग ते प्रयोगशाळेत बनवले गेले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यातील एकाने २०० अंशांवर घन सेंटिमीटरला ८.३ जूल ऊर्जा धरली. त्या तापमानाला बाजारातील कोणताही पॉलिमर जेवढी धरतो, तिच्या ११ पट.

बातमी म्हणून इथे पूर्णविराम देता येतो आणि बहुतेक वेळा दिलाही जातो. पण हे मोजमाप कशावर होते? काचेवर द्रावण ओतून, सुकवून काढलेल्या तळहाताएवढ्या तुकड्यावर. त्यावर धातूचे ठिपके चढवतात, प्रत्येक काही मिलिमीटरचा, आणि त्या ठिपक्यांखालच्या पापुद्र्यावर दाब देतात. आता मोटारीचा तो ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. अडीच मायक्रॉन जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनपासून तो करायचा तर ६४ चौरस मीटर पापुद्रा लागतो. मुंबई-ठाण्यातल्या टू बीएचके फ्लॅटचा चटई निर्देश होतो साधारण तेवढा. त्या सबंध फ्लॅटभर अडीच मायक्रॉनची चादर अंथरायची आणि तिच्यात धुळीचा कण, फुगा किंवा जाड-पातळपणा नको, कारण पापुद्रा फुटतो तो त्याच्या सर्वांत कच्च्या ठिकाणी. क्षेत्रफळ वाढले की कच्चे ठिकाण सापडण्याची शक्यता वाढते. ठिपक्यावर मिळालेला आकडा फ्लॅटभर टिकेल, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पॉलिप्रॉपिलीनला हे जमते, त्यामागे काही दशकांची कारागिरी आहे. आधी कच्चा माल. कपॅसिटरसाठी लागणाऱ्या रेझिनमध्ये उत्प्रेरकाचा उरलेला अंश, ज्याला उद्योगात ‘राख’ म्हणतात, तो दशलक्षात काही दहा भागांहून कमी असावा लागतो. असे रेझिन जगात मोजक्याच कंपन्या बनवतात, ऑस्ट्रियातील बोरेआलिस त्यातली एक. मग ते वितळवून जाड पत्रा ओतायचा, तो लांबीने सुमारे पाचपट आणि रुंदीने नऊ-दहा पट ताणायचा. ताणताना त्यातील स्फटिक विस्कटतात, नव्याने रचले जातात आणि त्यातूनच विजेचा ताण सोसण्याची ताकद येते. ही अवाढव्य यंत्रे बनवण्यात जर्मनीच्या ब्रुकनरचे नाव आघाडीवर आहे. तापमान एक-दोन अंश चुकले तर पापुद्रा फाटतो आणि धावती लाइन थांबते. प्रयोगशाळेतील नव्या पॉलिमरपैकी कितीतरी असे आहेत, की जे वितळतच नाहीत, किंवा ताणले की तुटतात. आडव्या बंधांनी विणलेला पॉलिमर तर एकदा विणला की ताणायचा प्रश्नच मिटतो. त्यामुळे ‘किती जूल?’ या प्रश्नाइतकाच ‘किती किलोमीटर?’ हा प्रश्न महत्त्वाचा. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात त्याचे उत्तर सहसा नसते.

आणखी एक प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, याचे कारण तो विद्युत अभियंत्यांचा मानला जात नाही. कपॅसिटर मेला की त्यातला पदार्थ जातो कुठे? याचे उत्तर एकदा जगाने फार उशिरा शोधले. पॉलिप्रॉपिलीन येण्यापूर्वी मोठ्या कपॅसिटरमध्ये तेलात भिजवलेला कागद असे आणि ते तेल पेट घेऊ नये म्हणून त्याच्या जागी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी, वापरले गेले. विद्युतदृष्ट्या ते गुणी होते. जळत नव्हते, बिघडत नव्हते, दाब उत्तम सोसत होते. ‘बिघडत नव्हते’ हाच त्याचा दोष ठरला, कारण ते मातीत, पाण्यात आणि माशांच्या चरबीतही बिघडत नव्हते. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटर बनवणारे दोन कारखाने होते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत त्यांच्यातून सुमारे १३ लाख पौंड पीसीबी नदीत गेले असावे, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. १९७६मध्ये नदीच्या वरच्या भागात मासेमारी बंद झाली. १९८४मध्ये तिचा सुमारे ३२० किलोमीटरचा पट्टा अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेला आणि तळाचा गाळ उपसण्याचे काम थेट २००९ ते २०१५ या काळात झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, ते २०१३मध्ये. भारताने २०१६च्या आदेशाने त्याच्या उत्पादनावर आणि आयातीवर बंदी आणली आणि वापर पूर्ण थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली. म्हणजे कपॅसिटरच्या एका ‘उत्तम’ पदार्थाचा निकाल लागायला सुमारे शतक गेले.

हे आठवण्याचे कारण म्हणजे पीव्हीडीएफ. ज्या फ्लोरिनयुक्त संयुगांना ‘कायमची रसायने’ म्हटले जाते, त्या पीएफएएस वर्गावर सरसकट निर्बंध घालण्याचा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी २०२३च्या जानेवारीत युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. त्याच्या व्याख्येत पीव्हीडीएफही येते. पॉलिमर रूपात ते पीसीबीसारखे घातक आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घन पापुद्रा आणि नदीत मिसळणारे तेल यांत फरक आहेच. पण ते बनवताना वापरली जाणारी साहाय्यक रसायने आणि जाळताना निघणारे वायू यांची चिंता रास्त आहे. नॉर्बोर्नीनच्या कड्यांवरही कधी फ्लोरिन, कधी क्लोरिन बसवला जातो, कारण त्याने गुण सुधारतात. संगणकाला लाखो रेणू चाळायला देताना ‘गळती किती’ आणि ‘कितव्या अंशाला मऊ पडेल’ हे विचारता येते, तर ‘निसर्गात विघटन होईल का’ हेही पहिल्याच चाळणीत विचारता येईल. पुढच्या पिढीचा पापुद्रा अजून कागदावर आहे, तोवरच ही सवलत आहे. एकदा कोट्यवधी गाड्यांत तो गुंडाळला गेला, की मग निर्बंध, मुदती आणि गाळ उपसणे.

भारताचे यात कुठे आहे? बॅटरीच्या सेलसाठी केंद्राने २०२१मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, तिची चर्चा भरपूर झाली. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर व्हायला मात्र मार्च २०२५ उजाडला. तिच्यातून ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या पहिल्या सात प्रकल्पांत कपॅसिटरसाठीच्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा एक प्रकल्प आहे, मध्य प्रदेशात. हे पाऊल योग्यच आहे. जग जो पापुद्रा मागे टाकू पाहते, तो आता बनवून काय मिळवणार, असा नाक मुरडणारा प्रश्न काही जण विचारतील. पण रेझिनची शुद्धता, ताणण्याची कला आणि किलोमीटरभर बिनडाग काम करणारे हात हे पॉलिप्रॉपिलीनवरच शिकता येतात. नवा पॉलिमर आला तरी तो याच लोकांना ताणावा लागणार आहे. आणि बाजारही सरकतो आहे. नव्या बीएलडीसी पंख्यांत ती अंगठ्याएवढी डबी नसतेच. त्यामुळे पंख्याच्या जाड पापुद्र्यावर समाधान मानणाऱ्यांचे गिऱ्हाईक हळूहळू कमी होणार आणि गाड्यांच्या पातळ, तापट जागेतल्या पापुद्र्याची मागणी वाढणार.

उणीव आहे ती मधल्या पायरीची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर काही दशकांचे काम आहे, आयआयटी आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत परावैद्युतांवर संशोधन चालते. पण तिथल्या संशोधकाने नवा पॉलिमर बनवला, तर तो मीटरभर रुंद, शंभर मीटर लांब ताणून, त्यावर धातू चढवून, गुंडाळून पाहायचा कुठे? कारखान्याची लाइन तासाला पैसे मोजते, ती दहा किलोच्या अनोळखी रेझिनसाठी कुणी थांबवणार नाही आणि थांबवूही नये. अशा प्रयोगांसाठी सामायिक वापराची एक लहान लाइन, रेझिन शुद्धीकरणाची सोय आणि त्याच आवारात वापरून संपलेल्या कपॅसिटरचे काय होते हे तपासणारी विषशास्त्राची प्रयोगशाळा, एवढे उभारायला २२,९१९ कोटींतला फार छोटा तुकडा पुरेल. योजनेच्या पुढच्या मंजुऱ्यांमध्ये सरकारला ती अट म्हणून घालता येईल, किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाला स्वतंत्रपणे करता येईल. ती सोय होत नाही तोवर देशातल्या संशोधकाचा तुकडा मोजला जाईल काचेवरच्या ठिपक्यावर आणि ताणला जाईल, जर्मनीत किंवा चीनमध्ये कुणाला रस वाटला तर.